‘मला’ म्हणते तो व्हायरस

घर दाखवताना घरमालक काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, मिस्टर कुठे असतात. हुडकेश्वरच्या काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मला अडवून ते म्हणाले, “मॅडम, तुमी कोणाच्याबी लिंका उघडता काय?”

“मला समजलं नाही,” मी म्हटलं.

काका स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळले आणि आतल्या काकूंना ओरडून म्हणाले, “‘मला’ म्हणते वं ह्या!”

“म्हणू द्या ना बाप्पा,” आतून आवाज आला. “चाबी द्या त्यायले. उन्हात उभं करून ठेवलं बाईले.”

मी मूळची सांगलीची. विमा कंपनीनं बदली करून सक्करदऱ्याच्या शाखेत टाकलं होतं आणि नागपूरच्या उन्हात घर शोधून माझा पार भुगा झाला होता. चावी मिळाली याच आनंदात त्या ‘मला’ची भानगड विचारायची राहून गेली. ती पुढे हळूहळू कळली. त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी काही वर्षं राहिले, ती काकांच्या लेखी संशयित म्हणूनच.

काकांचा सिद्धांत सोपा होता. मोबाइलवर रोगराई पसरवणारी माणसं कुठेतरी लांब बसलेली असतात. त्यांनी मराठी उचललेली असते पुस्तकातून, नाहीतर मशीनकडून. त्यामुळे ती ‘मला’, ‘तुला’, ‘कशासाठी’ असं शुद्ध बोलतात. आपला माणूस ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणतो. “‘मला’ म्हणते तो व्हायरस,” हे काकांचं ब्रीदवाक्य. मी एकदा वैतागून म्हटलं, “काका, मग अख्खा पश्चिम महाराष्ट्र व्हायरस झाला की.”

“मी कुठं नाही म्हणून राहिलो?” काका म्हणाले.

दिसायला ते अजिबात वल्ली वाटत नसत. उंच, सडसडीत, पांढरा सदरा, खांद्यावर उपरण्यासारखा दुपट्टा. मोबाइल मात्र प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला रबर. पावसासाठी असेल असं मी धरून चालले होते. भर मे महिन्यात विचारलं तर म्हणाले, “हवेतूनबी येते म्हणते आता.” फोन वाजला की पिशवी सोडून तो बाहेर काढेपर्यंत समोरच्याचा धीर सुटायचा आणि रिंग बंद पडायची. त्याला काका ‘पहिली चाळणी’ म्हणत. ज्याला खरंच काम असेल तो पुन्हा फोन करतो.

नरखेड तालुक्यात त्यांचा संत्र्याचा बगिचा होता. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी नागपुरात घर बांधलं, बगिचा पुतण्याकडे सोपवला आणि दर आठवड्याला एसटीनं जाऊन पुतण्याच्या चुका काढायचं काम तेवढं स्वतःकडे ठेवलं. मुलगी एकुलती एक. ती शिकली, पुण्याला कंपनीत लागली, आणि त्या घरात खाली काका-काकू आणि वर मी एवढेच उरलो.

सोशल साइटची नावं घेणं त्यांना आवडत नसे. एक होतं ‘निळं’, जिथे लोक फोटो टाकतात, आणि एक ‘हिरवं’, जिथे ग्रुप असतात. “निळ्यावर आलं का हिरव्यावर?” असं ते वावराच्या तुकड्याबद्दल विचारावं तसं विचारत.

व्हायरसची त्यांची सगळी विद्या संत्र्याच्या झाडावरून आली होती. संत्रा बी टाकून लावत नाहीत. चांगल्या झाडाचा डोळा काढतात आणि तो जंबेरी नावाच्या रानटी लिंबाच्या खुंटावर बांधतात. तो डोळा रोगट झाडाचा निघाला, तर नवं झाड काही वर्षं हिरवंगार दिसतं आणि ऐन फळावर यायच्या वेळी पिवळं पडतं. “आता मले सांगा,” काका म्हणत, “रोगट डोळा आपल्याले देते कोण? दुश्मन देते काय? दुश्मन तर बांधावर उभंबी राहू देत नाही. देते तो सोयरा. मोठ्या प्रेमानं देते. घ्या भाऊ, आपल्याच बगिच्यातला आहे म्हणते.” म्हणून अनोळखी माणसाची लिंक आली तर काका ती नुसती पुसून टाकत, आणि साळ्याची लिंक आली की घरात तणाव पसरे. काकूंचं माहेर कायम आरोपीच्या पिंजऱ्यात असायचं.

या सगळ्याच्या मुळाशी एक व्हिडिओ होता. ती हकिगत काकांनी मला एका रविवारी अंगणात चहा पिताना सांगितली.

निळं नवीन होतं तेव्हाची गोष्ट. काका गावी गेले होते. त्यांच्या साळ्याच्या नावावरून हिंदीत निरोप आला, ‘ये वीडियो में तुम हो क्या?’ खाली लिंक. काकांनी ती दाबली. व्हिडिओ काही दिसेना, उलट पासवर्ड मागितला. काकांनी तोही दिला. मग काय व्हायचं ते झालं. काकांच्या नावानं, काकांच्या फोटोसकट, तोच निरोप त्यांच्या ओळखीतल्या प्रत्येकाला गेला. ओळखीत अर्धा तालुका होता.

“दुसऱ्या दिवशी सकाळीच सरपंच आले,” काका म्हणाले. “बसले. पानी-पावसाचं बोलले. बहार कसा आहे म्हणाले. मंग हळूच म्हणते, भाऊ, त्या व्हिडिओत आवाजबी येते काय?”

सरपंच गेले तर शाळेचे गुरुजी. ते उभ्याउभ्याच म्हणाले, “मी त्या दिवशी नुसता सोबत गेलो होतो, बरं का.” कुठे, कोणासोबत, ते काकांनी विचारलं नाही. दुपारी कीर्तन करणारे बुवा आले, गळ्यात माळ, जन्माचे शाकाहारी. काटोलच्या एसटी स्टँडवर त्यांना कोणीतरी आमलेट खाताना टिपलं असावं असा त्यांचा समज झालेला. “बेसनाचंच होतं ते भाऊ,” बुवा कळवळून सांगत होते, “नुसता वास अंड्याचा होता.”

“मी कोणालेच काही विचारलं नाही मॅडम,” काका म्हणाले. “चहा पाजत गेलो. तेच सांगून राहिले. अख्ख्या गावात एक माणूस निघाला नाही, जो छाती ठोकून म्हणते, माझा कायचा व्हिडिओ?”

मला ठसका लागला. डोळे पुसत मी विचारलं, “पण काका, मुळात तुम्ही ती लिंक का उघडलीत? तुम्हाला कोणता व्हिडिओ आठवला?”

काकांनी कप खाली ठेवला, वर पाण्याच्या टाकीकडे पाहिलं आणि उठले. “मोटर सुरू राहिली वाटते,” म्हणाले आणि मागच्या अंगणात निघून गेले.

हे पुढे मी अनेकदा पाहिलं. बोलणं नको तिथे वळलं की काकांना मोटर आठवायची. नागपुरात इतकी जपलेली मोटर दुसऱ्या कोणाच्या घरी नसेल.

त्या व्हिडिओनंतर काकांनी जे कायदे केले ते सगळ्या नातेवाइकांना लागू होते. कोणी लिंक पाठवली की काका त्याला फोन लावत. “तुमी पाठवलं काय? काहून पाठवलं? सोता उघडून पाह्यलं काय?” या तिसऱ्या प्रश्नाला माणूस हमखास गारद व्हायचा, कारण पुढे ढकलणाऱ्यानं स्वतः कधीच काही उघडलेलं नसतं. हिरव्यावर ‘संत्रा परिवार’ नावाचा घरचा ग्रुप होता, काका त्याचे अॅडमिन. मलाही त्यात घेतलं होतं, “पाहणीवर.” अशी उलटतपासणी होते म्हटल्यावर लोकांनी सुविचार, सूर्योदय, गुलाबाची फुलं सगळं पाठवणं सोडून दिलं. त्या ग्रुपवर फक्त जन्म, मरण आणि पाऊस येई. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला तो एकमेव सुसह्य ग्रुप.

“लवकर करा, आज शेवटचा दिवस” असं काही आलं की काकांचा पारा चढे. “घाई करते तो आपला नाही,” ते म्हणत. “आपल्याकडं घाईनं येते ती एक मयतीची खबर, आन् तेबी माणूस फोन करून सांगते. लिंक दाबा आन् मयतीले या, असं म्हणते काय कोणी?”

तरी काही लिंकांचा त्यांना मोह पडे. संत्र्याचे भाव, कोळशी रोगावरचं नवं औषध. मग ते जिना चढून वर येत आणि दारातून म्हणत, “मॅडम, हे जरा तुमच्या फोनवर उघडून पाहा ना.”

“आणि व्हायरस आला तर?”

“म्हणूनच तर तुमच्यावर.”

माझ्या फोनला त्यांनी ‘जंबेरी’ असं नाव ठेवलं होतं. खालून सगळा मार जंबेरी खाते आणि वर नाव संत्र्याचं होतं, असं त्याचं स्पष्टीकरण. मला आधी राग आला होता. मग मी फोन नीट सांभाळायला शिकले, दर वेळी तपासून घ्यायला लागले, आणि जंबेरीला कधी काही झालं नाही.

आता एवढा पहारा ठेवणारा माणूस हुशारच असणार असं कोणालाही वाटेल. पण काका फाटकाबाहेर उभे राहून, फोन हातात धरून, घराच्या दिशेनं ओरडत, “काय वं, निळ्याचा पासवर्ड काय होता?” आणि काकू पोळी लाटता लाटता तेवढ्याच जोरात पासवर्ड सांगत. दूधवाल्याला तो पाठ होता. समोरच्या बंगल्यातला पोपट तो म्हणायचा असं काकू शपथेवर सांगत. पासवर्ड बदला असं मी सुचवलं, तर काका म्हणाले, “गल्लीतले लोक आपले आहेत.”

लग्नाच्या पत्रिकेचा मामला त्याहून वाईट. गल्लीतल्या एका निवृत्त साहेबांना हिरव्यावर ‘लग्नाला यायचं हं’ अशी पत्रिका आली. त्यांनी ती फाइल उघडली आणि त्यांचा फोन गेला कामातून. त्यांच्या नावानं सगळ्या गल्लीला तीच पत्रिका जाऊ लागली. गल्लीत फक्त काका वाचले, आणि त्यांनी ते कोणाला विसरू दिलं नाही. “पत्रिका अक्षता घेऊन दारात येते. पाट मांडतो आपण. जे फाइल होऊन येते ते लग्न नाही, दरोडा आहे.” इथपर्यंत ठीक. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या सख्ख्या भाच्यानं खरीखुरी पत्रिका हिरव्यावर पाठवली, तर काका त्या लग्नालाही गेले नाहीत. बहीण वर्षभर बोलली नाही. काकांचं म्हणणं एकच, “लग्न झालं हे मले अजून कोणी समोर येऊन सांगितलं नाही.”

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, तोवर त्यांच्या मुलीचं लग्न निघालं.

मुलगी मला आवडायची. सुट्टीला आली की वर माझ्याकडे येऊन गादीवर लोळायची, बापाच्या नकला करायची. पुण्यात राहून तिची भाषा बदलत गेली होती. एकदा फोनवर ती म्हणाली, “बाबा, मला या महिन्यात सुट्टी नाही मिळणार.” काकांनी फोन पिशवीत घातला, रबर चढवलं आणि काकूंना म्हणाले, “‘मला’ म्हणाली.” या वेळी ते ओरडून म्हणाले नाहीत. मला त्यांची कीव आली, आणि घरमालकाची कीव येणं भाडेकरूला परवडत नाही.

दिवाळीत तिनं घरी सांगितलं की कंपनीतल्याच एका पुण्याच्या मुलाशी लग्न करायचं आहे. काका म्हणाले, “पाहू.” मुलगा भेटून गेला. चांगला होता, वाकून पाया पडला, “काका, मला तुमची बाग बघायला आवडेल” म्हणाला. काका म्हणाले, “पाहू.” लग्नाची तारीख पुण्यात ठरली. मुलीनं विचारलं, बाबा येणार ना? काका म्हणाले, “पाहू,” आणि मोटर बंद करायला गेले. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. काकू पोळ्या करताना डोळे पुसायच्या आणि मिरचीला दोष द्यायच्या.

लग्न दोन-तीन आठवड्यांवर आलं तेव्हा ‘संत्रा परिवार’वर मुलीचा निरोप आला. ‘बाबा, मला तुम्हाला एक व्हिडिओ दाखवायचा आहे. त्यात तुम्हीच आहात. लवकर बघा.’ खाली लिंक.

मी डोक्याला हात लावला. ओळखीच्या माणसाकडून, ‘मला’ म्हणून, घाईनं, आणि त्यात तुम्हीच आहात! एका ओळीत काकांचे सगळे कायदे मोडले होते. मी जिना उतरायच्या आत ग्रुपवर सूचना आली की अॅडमिननी मुलीला काढून टाकलं आहे. पाठोपाठ अॅडमिनचा निरोप: ‘पोट्टीचा फोन खराब झाला आहे. कोणी काही उघडू नये.’

लगेच माझा फोन वाजला. “ताई,” मुलगी म्हणाली, “बाबांनी मला काढलं.” ती हसत होती की रडत होती ते कळेना. बहुधा दोन्ही. “त्यात खरंच बाबा आहेत. मीच काढलाय तो, खूप वर्षांपूर्वी. कोणालाच दाखवला नाही आजवर. त्यांनी बघितला तर ते येतील असं मला वाटलं. नाही आले तरी लग्न होईल ताई. पण माझं सगळं लक्ष दाराकडे असेल.”

मी खाली गेले. काका अंगणात दुपट्ट्यानं खुर्ची झटकत होते. मी म्हटलं, “काका, खरं सांगा. तुम्हाला तो व्हायरस वाटला की मुलीचा निरोप उघडायचा नव्हता?”

“‘मला’ लिहिलं होतं त्यात.”

“ती पुण्यात राहते. ‘मला’ नाही लिहिणार तर काय लिहिणार? तुम्ही लिंकला नाही घाबरत काका, मुलीला घाबरता.”

माझा आवाज चढला होता. काकांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “मॅडम,” ते म्हणाले, “भाडेकरू वरच्या मजल्यावर राहते, डोक्यावर नाही.” आणि मोटरकडे गेले.

तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. त्यांनी माझा फोन घेतला, मुलीला लावायला सांगितला, आवाज मोठा करून फोन मागच्या अंगणात नेला आणि मोटरशेजारी, काकांच्या तोंडापुढे धरला. “बोला. तुमच्या व्हायरसचा फोन आहे.”

“आवाजाचंबी कलम बांधते आता,” काका फोनपासून मागे सरकत म्हणाले. “मशीन हुबेहूब बोलते. पेपरात होतं.”

“बाबा, मी बोलतेय,” फोनमधून मुलगी म्हणाली.

“‘बोलतेय’ म्हणते,” काका काकूंना म्हणाले. मग फोनला, “आमची पोट्टी आहे तर सांग. आपल्या बगिच्यात विहिरीजवळ काय आहे?”

आणि मग जो काही स्फोट झाला, त्यात पुण्याची सगळी वर्षं उडून गेली.

“काहून येड्यावानी करून राहिले बाबा? मी तुमची पोट्टी आहे का बँकेतला फ्रॉड? विहिरीजवळ काय आहे म्हणते! विहिरीजवळ ओटा आहे, ओट्यावर डिझेल इंजिन आहे, आन् माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी तुमी त्या इंजिनाजवळ दुपट्टा उडवून नाचून राहिले होते! एकटेच! सांगा आता, हे व्हायरसले ठाऊक आहे काय?”

काकू काकांकडे बघत होत्या. काका भिंतीकडे.

“तू होती तिथं?” शेवटी काका म्हणाले.

“पेढा घेऊन आली होती तुमच्यासाठी. मामाचा मोबाइल होता हातात.”

“मले वाटलंच,” काका पुटपुटले. “पानं वाजली होती.”

मग मला सगळं लख्ख कळलं. ‘ये वीडियो में तुम हो क्या?’ वाचल्यावर सरपंचाला, गुरुजींना, बुवांना जसं आपापलं काही आठवलं, तसं काकांना हे आठवलं होतं. साऱ्या तालुक्याचं पाप ऐकून घेणाऱ्या या माणसाच्या गाठीला पाप काय, तर मुलगी पास झाली म्हणून तो नाचला होता.

“त्या दिवशी तर नुसतं ‘बरं झालं’ म्हणाले होते,” काकू मला सांगू लागल्या. “पोट्टी तालुक्यात पहिली आली. लोक घरात माईना. हे म्हणते, इंजिन बंद करून येतो. मी म्हटलं, कसा दगड आहे बाप्पा हा माणूस!”

व्हिडिओ अर्थातच जंबेरीवर उघडला. आम्ही तिघं अंगणात, काकूंच्या हाताचं पीठ माझ्या पडद्यावर. चित्र धूसर होतं, संत्र्याच्या पानांतून चोरून काढलेलं. लाइट नसावी, म्हणून इंजिन सुरू होतं, टुक टुक टुक टुक. गाणं नाही, बाजा नाही. तेव्हाचे काका, केस काळे, दुपट्टा डोक्यावर गरगर फिरवत त्या इंजिनाच्या ठोक्यावर नाचत होते. ओट्यावर चढले, उतरले, पुन्हा चढले. एकदा तर त्यांनी इंजिनालाच हात जोडले. नाच अतिशय वाईट होता. इतका वाईट नाच मी पुढे-मागे कधी पाहिला नाही.

शेवटी ते एकदम थांबतात, कानोसा घेतात, झाडांकडे बघतात. तिथे व्हिडिओ संपला.

काकांनी दुपट्ट्याच्या टोकानं माझ्या पडद्यावरचं पीठ पुसलं. मग घसा साफ करून म्हणाले, “मॅडम, हे डिलीट करा.”

“काका!”

“करा म्हटलं ना.” ते वळले, दोन पावलं गेले आणि मान न वळवता म्हणाले, “पहिले मले पाठवा.”

आणि घराच्या कोपऱ्याला वळसा घालून भिंतीआड गेले. मोटर तर आम्ही उभ्या होतो तिथेच होती, आणि सुरूही नव्हती. काकूंनी मला डोळ्यांनीच ‘राहू द्या’ म्हटलं. थोड्या वेळानं माझ्या फोनवर ग्रुपची सूचना आली. अॅडमिननी मुलीला परत घेतलं होतं. खाली अॅडमिनचा निरोप: ‘पोट्टीचा फोन दुरुस्त आहे. पुण्याले कोण कोण येते ते सांगा. पत्रिका घरी आणून देतो.’

पुण्याला मीही गेले. काकांनी सोबत संत्र्यांच्या पेट्या घेतल्या आणि मुलाकडच्या मंडळींना वाटताना प्रत्येकाला बजावलं की डोळा कुठल्या बगिच्यातला आहे ते माहीत असल्याशिवाय कोणाकडून काही घेऊ नये. त्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण संत्री आवडली. वरातीत काका आधी बाजूला उभे होते. या गाण्यात ठोका नाही, इंजिनात होता, अशी त्यांची तक्रार. मग मुलीनं त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्यांच्या हातात दिला. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते की त्यांनी मलाही ओढलं, आणि माझा नाच त्यांच्यापेक्षा बरा नव्हता.

त्यानंतर माझी बदली झाली, मी नागपूर सोडलं. काकांचा फोन क्वचित येई, निरोप कधीच नाही. आणि परवा हिरव्यावर त्यांच्या नावानं एक आला: ‘मॅडम, या व्हिडिओत तुम्हीच आहात का?’ खाली लिंक.

‘तुम्हीच आहात’! असलं शुद्ध काका जन्मात लिहिणार नाहीत. जावयाकडून लिहून घेतलं असेल, किंवा खरोखर कोणी त्यांच्या नावानं पाठवलं असेल. मी कायद्याप्रमाणे फोन लावला. पहिली रिंग पिशवीतच विरली. पुन्हा लावला. काकांचा “हालो” ऐकला आणि इतकं बरं वाटलं की मला लाडात यायची लहर आली. म्हटलं, “काका, हे तुमी पाठवलं काय मले?”

“कोण बोलून राहिलं?” काकांचा आवाज कडक झाला. “आमच्या मॅडम ‘मला’ म्हणते.”

आणि फोन कापला. पाठोपाठ सूचना आली की अॅडमिननी मला ‘संत्रा परिवार’मधून काढून टाकलं आहे.

मी हातातल्या फोनकडे बघत बसले. ‘आमच्या’ म्हणाले होते. मग पुन्हा नंबर लावला, पिशवी सोडायला वेळ दिला, आणि रिंग थांबल्यावर आणखी एकदा लावला.

“काका,” मी म्हटलं, “मला ओळखलंत का?”

“हां,” काका म्हणाले. “आता ओळखलं. उघडा.”